रक्तदाबाचा आकडा आणि आमची घाई

पूर्वी रक्तदाब पाहायचा म्हणजे दवाखान्यात पाऱ्याच्या यंत्रासमोर हात पुढे करावा लागे. आता बेळगाव-निपाणीकडील पुष्कळ घरांत सेलवर चालणारे यंत्र आले आहे. सोय झाली, पण घोरही आला. आमच्या घरी एकदा बाजारातून आल्याबरोबर सदऱ्याच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला. आकडा आला १६८! सारे घाबरले. स्वस्थ बसून उघड्या दंडावर पुन्हा मोजला, तो १३२. दोष यंत्राचा नव्हता, आमच्या घाईचा होता.

मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू वर्ज्य करावी. निपाणीच्या पंचक्रोशीत हे पथ्य अंमळ कठीणच! पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे. हात मेजावर, हृदयाच्या उंचीला असावा. पट्टा दंडाला आखूड पडल्यास आकडा फुगतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत टिपावेत. यंत्र अडू लागल्यास प्रथम सेल बदलावेत, नळी पिळलेली नाही ना, हे पाहावे. अधूनमधून ते डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून घ्यावे.

घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक राहू लागल्यास वही डॉक्टरांना दाखवावी. आकडा १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखू लागले, धाप लागली वा जीभ अडखळली, तर तडक रुग्णालय गाठावे. आणि आकडा उतरला म्हणून आपल्या मनाने गोळी सोडू नये. पुष्कळदा तो गोळीमुळेच उतरलेला असतो.