मोनोमियल आयडियल नक्की मोजतं तरी काय?

डिफरन्शियल समीकरण सोडवायला घेतलं की एक प्रश्न येतोच: सुरुवातीला किती माहिती दिली म्हणजे उत्तर एकच ठरेल? लांबच लांब तारेच्या कंपनाचं समीकरण घ्या. सुरुवातीला तारेचा आकार काय होता आणि प्रत्येक बिंदूचा वेग किती होता, एवढ्या दोन गोष्टी लागतात. पण समीकरणं एकापेक्षा जास्त असतील तर? तेव्हा हा हिशोब मोनोमियल आयडियल करून देतं.

आधी एक छोटं भाषांतर. फ हे क्ष आणि य यांचं फलन आहे. क्ष च्या दिशेने डेरिव्हेटिव्ह घेणे म्हणजे क, य च्या दिशेने घेणे म्हणजे ख. मग "क्ष च्या दिशेने दोनदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की शून्य" हे समीकरण म्हणजे नुसतं क². क², कख, क³ख² अशी एकेक पदं म्हणजे एकपदी, अर्थात मोनोमियल. काही एकपदी निवडा, त्यांना हव्या त्या बहुपदींनी गुणा, बेरजा करा. जे जे मिळेल ते सगळं मिळून झालं मोनोमियल आयडियल.

आता क² आणि कख ही दोन समीकरणं एकत्र घेऊ. फ ला पॉवर सिरीज म्हणून लिहा. आयडियलमध्ये जी एकपदी आहे, तिच्या जोडीच्या पदाचा सहगुणक शून्य व्हायलाच हवा. बाकीचे सहगुणक मोकळे. इथे बाहेर काय राहतं? १, ख, ख², ख³... ही न संपणारी रांग आणि एकटा क. म्हणून उत्तर: य चं कुठलंही फलन, अधिक स्थिरांक गुणिले क्ष.

गंमत त्या एकट्या क मध्ये आहे. हे आयडियल दोन सोप्या आयडियलांचा छेद आहे: एक फक्त क चं, दुसरं क² आणि ख यांचं. पहिलं य चं फलन देतं, दुसऱ्यातून क्ष चं पद येतं. पण दोन्ही एकपदी जिथे शून्य होतात त्या बिंदूंचं चित्र काढलंत, तर क = ० ही एक रेषाच दिसेल. दुसरा घटक त्याच रेषेवरच्या आरंभबिंदूत दडलेला असतो. चित्रात तो दिसत नाही, डिफरन्शियल समीकरणाला मात्र तो दिसतो.

समीकरणं एकपदी नसतील तर प्रत्येकातलं अग्रपद घ्यायचं. तारेसाठी वेळेचं डेरिव्हेटिव्ह ट मानलं, तर अग्रपद ट². ज्यात ट² नाही अशा एकपदींच्या दोन रांगा उरतात: एक ट नसलेली, एक एकच ट असलेली. पहिली म्हणजे आकार, दुसरी म्हणजे वेग!

पण इथे एक सापळा आहे. कख − १ आणि ख² घ्या. अग्रपदं कख आणि ख², म्हणजे मघाचंच उदाहरण आरशात. तेव्हा भरपूर उत्तरं मिळतील असं वाटतं. आता पहिल्या समीकरणाला ख लावा: कख² फ = ख फ. डावी बाजू शून्य, कारण ख² फ = ०. म्हणून ख फ = ०. मग कख फ सुद्धा शून्य, आणि पहिलं समीकरण सांगतं की फ स्वतःच शून्य! एकही सहगुणक मोकळा नाही.

म्हणजे दिलेल्या समीकरणांची अग्रपदं पुरत नाहीत. त्यांच्यातून निघणारी लपलेली समीकरणंही शोधावी लागतात. बहुपदींसाठी हे काम करणारा अल्गोरिदम ब्रुनो बुखबर्गर यांनी १९६५ च्या प्रबंधात दिला. ग्रोब्नर बेसिस ती हीच. पण फ्रेंच गणिती मॉरिस जाने १९२० मध्येच डिफरन्शियल समीकरणांसाठी एकपदींचा असा हिशोब मांडत होते. आज ग्रोब्नर बेसिस शिकताना आपण बहुपदींपासून सुरुवात करतो, पण त्यामागचा विचार डिफरन्शियल समीकरणांच्या अभ्यासात आधीच रुजलेला होता.