पाण्याचा ताळेबंद – भाग ७ : सामू सांगतो ते अर्धंच

आमच्या पुंडलिकनगरात नळाला पाणी येतं ते काही दिवसांच्या अंतरानं. मधल्या दिवसांची मदार बोअरवर, नाहीतर टँकरवर. बोअरच्या पाण्याबद्दलच्या तक्रारी घरोघरी त्याच: तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. मग एखादा फिल्टरवाला येतो, ग्लासात रंगाचे दोन थेंब टाकतो आणि ‘सामू साडेसात आहे’ असं सांगून एक तर दिलासा देतो, नाहीतर घाबरवून जातो. दोन्ही वेळा त्याच्या हातात पुरेसा पुरावा नसतो.

सामूची, म्हणजे पीएचची, मोजपट्टी सोरेनसन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली, हे मागच्या भागात आलं आहे. पाण्यात या घडीला हायड्रोजनचे मोकळे आयन किती, एवढंच ती सांगते. ते पाणी किती आम्ल पचवू शकेल, हा वेगळा प्रश्न. साडेसात सामूच्या दोन पाण्यांपैकी एक दुसऱ्याच्या दसपट आम्ल पचवू शकतं. प्रयोगशाळेच्या अहवालात या क्षमतेला ‘अल्कलिनिटी’ म्हणतात आणि ती कळते टायट्रेशननं, म्हणजे अनुमापनानं.

कृती बारावीच्या प्रात्यक्षिकातलीच. पिपेटनं ५० मिलिलिटर पाणी कॉनिकल फ्लास्कमध्ये घ्यायचं. ब्युरेटमध्ये ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल. आधी फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. हा दर्शक साधारण ८.३ च्या वर गुलाबी होतो, त्याखाली रंगहीन राहतो. बोअरच्या पाण्यात बहुतेक वेळा काहीच दिसत नाही, आणि नवखा विद्यार्थी तिथेच ‘अल्कलिनिटी शून्य’ लिहून मोकळा होतो. खरं तर पाण्यात कार्बोनेट नाही, एवढाच त्याचा अर्थ. बायकार्बोनेट भरपूर असू शकतं, आणि ते या दर्शकाला दिसतच नाही.

आता मिथिल ऑरेंज घालायचं. पाणी पिवळं दिसतं. आम्ल थेंबथेंब सोडत फ्लास्क फिरवत राहायचं. बराच वेळ काहीच घडत नाही, आणि मग एकदोन थेंबांत पिवळा रंग नारिंगीकडे झुकतो. ब्युरेटचा आकडा लिहून घ्यायचा. समजा १८.५ मिलिलिटर आम्ल लागलं, तर त्याला २० नं गुणायचं: लिटरमागे ३७० मिलिग्रॅम अल्कलिनिटी, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. ब्युरेटचा एक थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला, तर या मांडणीत एक थेंब म्हणजे लिटरमागे बरोबर एक मिलिग्रॅम. ज्यानं ही प्रमाणं ठरवली, त्याला गणित करायचा कंटाळा असावा!

आता तोच एक थेंब ५० मिलिलिटर शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात टाका. सामू सातवरून पाचच्याही खाली जातो. बोअरच्या पाण्याला तिथवर आणायला साडेतीनशेच्या वर थेंब लागले. कारण ते पाणी स्वतःच बफर, म्हणजे सामू ढळू न देणारं द्रावण आहे. पावसाचं पाणी मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं आणि आपल्या काळ्या बेसॉल्टमधून कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडवत बायकार्बोनेट घेऊन बोअरमध्ये साठतं. वरून आम्ल आलं की बायकार्बोनेट त्याचा हायड्रोजन आयन पकडून ठेवतं आणि कार्बॉनिक आम्ल बनतं. या जोडीचा तोल ६.३५ सामूला सारखा असतो. सामू ७.३५ असेल तेव्हा बायकार्बोनेट दसपट असतं. म्हणून निम्मं आम्ल ओतून झालं तरी सामू जेमतेम एकानं उतरतो. साठा संपत आला की मात्र तो धाडकन कोसळतो, साडेचारच्या आसपास. मिथिल ऑरेंजचा रंग ४.४ ते ३.१ या टप्प्यात पालटतो, म्हणून इथे त्याची निवड. आपल्या रक्ताचा सामू ७.४ च्या आसपास राखण्यातही याच बायकार्बोनेटचा मोठा वाटा आहे.

घरातली हळद वापरली तर? हळद उत्तम दर्शक आहे. पांढऱ्या सदऱ्यावरचा वरणाचा डाग साबण लागताच लाल होतो, आणि हळदीचं कुंकू होतं तेही अल्कलीच्या जोरावरच. पण तिचा रंग पालटतो आठच्या आसपास. आपलं पाणी कोसळतं साडेचारला. तिथे हळद फिनॉल्फ्थॅलिनइतकीच निरुपयोगी. दर्शक चांगला की वाईट, हे सुटं ठरत नाही. सामू जिथे कोसळतो तिथे त्याचा रंग पालटला पाहिजे.

अल्कलिनिटी हा काही दोष नाही. जायकवाडीसारख्या धरणाचं पाणी तुरटीनं निवळताना तुरटी आम्लता सोडते आणि ती झेलायला पाण्यात बायकार्बोनेट लागतंच. भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅमपर्यंत अल्कलिनिटी योग्य, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. सामू मात्र ६.५ ते ८.५ मध्येच हवा, तिथे सवलत नाही. आपल्या उदाहरणातलं ३७० चं पाणी पिण्यासाठी बाद नाही, गिझरसाठी मात्र तापदायक. तापवल्यावर बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि कॅल्शियम कार्बोनेट कॉइलवर बसतं. डाळ न शिजण्याचा दोष कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. त्याचं टायट्रेशन वेगळं, त्यात सामू दहावर रोखून धरायला अमोनियाचा बफर आपणच घालावा लागतो. ते पुढच्या भागात.

तोवर त्या फिल्टरवाल्याकडून महागडं यंत्र घेऊ नका. बोअर दहा मिनिटं चालू ठेवून स्वच्छ बाटली काठोकाठ, हवा न ठेवता भरा आणि शक्यतो त्याच दिवशी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या किंवा दुसऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या. अहवालात सामूशेजारी अल्कलिनिटी आणि कठीणपणा हे दोन आकडे नसतील, तर ते मागून घ्या.