पायावरील जांभळा डाग : कर्करोग की रक्तवाहिन्यांचा दोष?

तापी-पूर्णेच्या संगमाजवळील मुक्ताईनगर परिसर म्हणजे केळीचा मुलूख. दिवसदिवस ओल्या मातीत उभे राहणे, घड कापणे आणि ते खांद्यावर वाहून नेणे हे येथील अनेक कुटुंबांचे नित्याचे काम. वर्षानुवर्षे अशा उभ्या कामात पायांच्या शिरा फुगतात, हे आपण घरोघरी पाहतो. परंतु त्याच पायावर घोट्याजवळ जांभळट-तपकिरी डाग उठला, त्यावर गाठी आल्या आणि व्रण भरेनासा झाला, की घरातील सर्वांच्या मनात एकच शब्द येतो : कर्करोग.

ही शंका अगदीच निराधार नसते. १८७२ साली व्हिएन्ना येथील त्वचारोगतज्ज्ञ मोरिट्झ कापोसी यांनी ज्या कर्करोगाचे वर्णन केले, तो पायांवर अशाच जांभळ्या गाठींच्या रूपात दिसतो. आपल्या देशात तो विरळा आहे. मात्र त्याच्यासारखाच दिसणारा, पण कर्करोग नसलेला एक विकार आहे. १९६५ साली माली या डच वैद्यांनी शिरांच्या जुनाट दोषामुळे होणाऱ्या अशा डागांचे वर्णन केले, तर १९६७ साली स्टीवर्ट आणि ब्लूफार्ब यांनी स्वतंत्रपणे असे दाखविले की, रोहिणी व नीला यांच्या जन्मजात चुकीच्या जोडणीमुळेही असेच डाग उठतात.

ही जोडणी शेतकऱ्याला समजावून सांगणे सोपे आहे. मुख्य पाटाचे पाणी सऱ्यांमधून न फिरता थेट नाल्यात शिरले, तर पीक कोरडे राहते आणि नाल्याचे काठ मात्र ढासळू लागतात. रोहिणीतील जोराचे रक्त बारीक केशवाहिन्यांतून न जाता थेट नीलेत शिरले, की तेथील दाब वाढतो, कातडीला प्राणवायू कमी पडतो, नव्या बारीक वाहिन्या दाटीने फुटतात आणि रक्त झिरपून कातडी काळपटते. नुसत्या फुगलेल्या शिरांतही दाब असाच वाढतो. फक्त वेग कमी असतो.

ओळखावे कसे? शिरांच्या दोषाचे डाग बहुधा वयस्कांत, बऱ्याचदा दोन्ही पायांवर असतात. जन्मजात जोडणीचे डाग तरुणपणी, एकाच पायावर येतात. तो पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, कधी लांबही असतो आणि बोट ठेवल्यास आत थरथर जाणवते. अशा जागी घाईने तुकडा कापला, तर रक्तस्राव आवरणे कठीण होते. म्हणून आधी डॉप्लर सोनोग्राफी, मग आवश्यक वाटल्यास तुकड्याची तपासणी, असा क्रम असावा. कापोसीच्या कर्करोगाशी निगडित विषाणू १९९४ साली सापडला. तुकड्यात त्याचा माग लागतो की नाही, यावरून दोन्ही विकार वेगळे करता येतात. बिब्बा किंवा चटका देणे हे मात्र दोन्ही बाबतींत घातकच. (आमच्याकडील वडीलधाऱ्यांना हे पटविणे सोपे नाही, याची आम्हांस जाणीव आहे.)

याची उलट बाजूही तेवढीच गंभीर आहे. तळपायावरचा काळा ठिपका 'काटा रुतला असेल' म्हणून महिनोन्‌महिने दुर्लक्षिला जातो. रक्त साकळलेल्या वाहिन्यांचा निरुपद्रवी मस्सा तसा दिसू शकतो हे खरे; पण भारतीयांत मेलानोमा हा कर्करोग पुष्कळदा तळपायावरच आढळतो. नुसत्या नजरेने निवाडा करण्याचे धाडस तज्ज्ञही करीत नाहीत.

निदान रक्तवाहिन्यांच्या दोषाचे निघाले, तर उपचार साधे असू शकतात : योग्य दाबाची पट्टी किंवा मोजे, झोपताना पाय उंच ठेवणे आणि व्रणाची निगा. मात्र पायाकडे जाणारा रक्तपुरवठाच कमी असल्यास घट्ट पट्टी अपाय करते. म्हणून ती मनाने बांधू नये. जन्मजात जोडणी काही वेळा नळीवाटे आतून बंद करता येते. तपासणीसाठी जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. कर्करोग ठरल्यास मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आहेच. जाताना जुने कागद आणि डागाची तारखेनिशी काढलेली छायाचित्रे न्यावीत.

शेतात असतानाच फुगलेली शीर फुटून रक्त वाहू लागले, तर रुग्णास तत्काळ आडवे करावे, पाय उंच धरावा, स्वच्छ कापडाने जागा घट्ट दाबून ठेवावी आणि तशाच स्थितीत दवाखान्यात न्यावे.