आशेचा रंग हिरवा

निपाणीत वाढल्यामुळे मराठी वर्तमानपत्रातला एक मथळा मला लहानपणापासून पाठ आहे : ‘सीमावासीयांच्या आशा पल्लवित’. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव-निपाणीचा हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. १९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. सुनावणीची तारीख जवळ आली की हा मथळा पुन्हा भेटतो.

पल्लव म्हणजे कोवळं पान. मराठीत आशेला पालवी फुटते, म्हणून तिचा रंग हिरवा. नव्या नवरीच्या हातात हिरवा चुडा भरतात, ओटीला हिरवा खण लागतो, आणि एखाद्या कामाला मंजुरी मिळाली की ‘हिरवा कंदील’ दाखवला असं म्हणतात. तो कंदील रेल्वेतून आपल्या बोलण्यात आला.

गुलाबी रंगाचं तसं नाही. ‘गुलाबी थंडी’ म्हटलं की बरं वाटतं. पण कुणी ‘गुलाबी चित्र रंगवलं’ म्हटलं की ऐकणारा सावध होतो. ती दुसऱ्याने दाखवलेली आशा असते.

शेजारच्या कन्नडमध्येही आशा अशीच उगवते. ‘चिगुरु’ म्हणजे पालवी आणि ‘आसे चिगुरितु’ म्हणजे आशेला पालवी फुटली. हिरवा कंदील तिकडे ‘हसिरु निशाने’, म्हणजे हिरवं निशाण होतो. आपल्या ओटीतला खणही बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या मागांवर विणला जातो. वाद सीमेचा आहे. हिरव्याचा अर्थ दोन्ही घरांत एकच.

आज आमच्याकडची इंग्रजी किंवा कन्नड शाळेत जाणारी मुलं ‘पल्लवित’ या शब्दापाशी अडतात. ‘पॉझिटिव्ह’ असं सांगितलं की त्यांना अर्थ कळतो, पण पान दिसत नाही. पान दिसलं नाही तर त्या मथळ्यातली चिकाटीही दिसणार नाही. कारण आंब्याची पालवी आधी तांबूस आणि लुसलुशीत असते, वाऱ्याने लवते. हिरवी व्हायला तिला दिवस लागतात. सीमाभागातल्या तीन पिढ्यांनी ते दिवस मोजले आहेत.

तेव्हा मुलांनी हा शब्द विचारला, तर शब्दकोश उघडण्याआधी त्यांना एखादा पालवलेला आंबा दाखवा. त्या पानाला मराठीत काय म्हणतात आणि कन्नडमध्ये काय, तेही सांगा. दोन्ही शब्द त्यांचेच आहेत.