हार घातला, विमानात बसवले, पुढे?

आमच्या टेबलावर अलीकडे एक आनंदाचे काम येते. परदेशी शिकायला निघालेल्या आपल्या मुलामुलींची प्रतिज्ञापत्रे आणि हमीपत्रे. 2003 साली राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली आणि अमरावती-अकोल्याच्या वस्त्यांतली लेकरे विलायतेला जाऊ लागली. चौकात बॅनर लागतो, विहारात सत्कार होतो, बडनेऱ्याला निम्मी वस्ती निरोप द्यायला फलाटावर उभी राहते. हार आम्हीही घातले आहेत. पण विमान उतरल्यावर त्या लेकराचे काय होते, हे आपण कधी विचारले काय?

अकोल्याची एक मुलगी. वडील ऑटो चालवतात. इंग्लंडला जाऊन दीड महिना झाला आणि एका रात्री तिचा फोन आला. "काका, इथं सोबत जेवायला कोणी नाही." आपल्याच देशातल्या चौघींबरोबर तिने भाड्याने घर घेतले होते. पहिल्या दिवशी गाव विचारले गेले, दुसऱ्या दिवशी आडनाव, तिसऱ्या दिवशी शिष्यवृत्ती कोणती ते. पुढे कोणी वाईट बोलले नाही, भांडी वेगळी केली नाहीत. फक्त रविवारी एकत्र स्वयंपाक व्हायचा, त्याला हिला हाक मारणे बंद झाले. यावर कोणत्या कलमाखाली नोटीस काढायची? इतकी वर्षे कोर्टात उभे राहून आम्हाला उत्तर सुचले नाही.

तिच्या आईला यातले काहीच माहीत नव्हते. ती माउली म्हणाली, "पोट्टी जेवली का नाही, एवढंच पुसतो मी फोनवर."

बाबासाहेब जुलै 1913 मध्ये न्यूयॉर्कला उतरले. आधी हार्टले हॉल, तिथले जेवण जमले नाही, मग कॉस्मॉपॉलिटन क्लब, मग लिव्हिंग्स्टन हॉल. असे बिऱ्हाड हलवत हलवतच ते स्थिरावले. लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी विद्यार्थी त्यांच्यासोबत राहिला आणि जन्माचा मित्र झाला. 1920 साली अर्धवट शिक्षण पुरे करायला लंडनला निघताना याच मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. परदेशातल्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे. 1917 साली बडोद्याला परतल्यावर तीच जाणीव काठ्या घेऊन पारशी वसतिगृहाच्या दारात आली. काठ्या घेणारेही पारशी होते आणि भथेनाही पारशीच! त्या दिवशी बडोद्यातल्या दोन मित्रांनी आसरा दिला नाही. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. एकाने नोकरांचे कारण सांगितले, दुसऱ्याने बायकोचे.

आज उलटे झाले आहे. तेव्हा अमेरिकेत आपल्या देशाची माणसेच थोडी होती. आता घरमालकीण गोरी असते, पण आडनाव विचारणारी शेजारच्या खोलीत राहते. सिएटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातीभेदाला कायद्याने बंदी केली. कॅलिफोर्नियात असेच विधेयक विधिमंडळाने मंजूर केले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नाकारले. कायदा हवाच. तो तक्रारीला जागा देतो, जेवायला सोबत देत नाही.

आमची काही मुले तिथे आडनाव गाळतात, "आम्ही महाराष्ट्रीयन" एवढेच सांगतात. आम्ही त्यांना दोष देत नाही. पण लपवून जोडलेल्या मैत्रीवर रोज पहारा द्यावा लागतो. दुसरी काही फक्त आपल्याच चार जणांत बसतात, तेही आम्हाला पटत नाही.

त्या मुलीला आम्ही एवढेच म्हणालो, की त्या चार खोल्या म्हणजे इंग्लंड नव्हे. मग ब्रिटनमधल्या आंबेडकरी संघटनेतल्या एका ताईंचा नंबर शोधून दिला. खरे तर तो निघण्यापूर्वीच तिच्या हातात असायला हवा होता, ही चूक आमची. पहिल्याच आठवड्यात दवाखान्यात नाव नोंदवायचे, सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांवर काम करायचे नाही, नाहीतर व्हिसा अडचणीत येतो, हे त्या ताईंनी सांगितले. हाराच्या पैशात असे दहा नंबर छापून देता येतील! सत्कार समित्यांनी मनावर घ्यावे.

नोट्सच्या देवाणघेवाणीतून तिची वर्गातल्या एका घानाच्या मुलीशी ओळख झाली. एका रविवारी दोघी लंडनला 10, किंग हेन्रीज रोडवर गेल्या. बाबासाहेब 1921-22 मध्ये राहिले ते घर महाराष्ट्र सरकारने 2015 साली विकत घेतले, तिथे आता स्मारक आहे. मैत्रिणीने विचारले, हे कोण? हिने गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत सगळे सांगितले, आडनावासकट. मैत्रीण म्हणाली, "मग माझ्या आजीचं पण ऐक."

परवा मुलीची आई आमच्याकडे आली होती. कुणी इंग्लंडला जाणार आहे काय, विचारत होती. पिशवीत मूगवड्यांची दोन पुडकी होती. दुसरे कुणाचे, असे आम्ही विचारले.

"ते तिच्या मैत्रिणीचं," ती म्हणाली. "नाव मले म्हणता येत नाही."