पडलेला ‘पिंकर्टन’

पिंकर्टन हे मुळात एका ऑपेरातल्या खलपुरुषाचं नाव. पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’मधला हा अमेरिकन नौदल अधिकारी नागासाकीत एका कोवळ्या जपानी मुलीशी लग्न करतो, तिला सोडून जातो आणि परततो तो अमेरिकन बायको घेऊन. लॉस एंजेलिसच्या ‘वीझर’ या बँडने सप्टेंबर १९९६मध्ये आपल्या दुसऱ्या अल्बमला हे नाव दिलं. मुखपृष्ठावर हिरोशिगेचं कानबारा गावातल्या हिमरात्रीचं चित्र घेतलं.

१९९४चा पहिला अल्बम रिक ओकॅसेक या निर्मात्याने घोटून गुळगुळीत केलेला होता, आणि तो तुफान खपला. त्यानंतर गायक-गीतकार रिव्हर्स क्वोमो हार्वर्डला शिकायला गेला. आखूड पायाची लांबी वाढवण्यासाठी शस्त्रक्रिया झालेली, पायाला धातूची चौकट, सोबतीला एकटेपण. त्यातून आलेली गाणी बँडने बाहेरचा निर्माता न घेता, गिटारचा खरखराट तसाच ठेवून ध्वनिमुद्रित केली. एका गाण्यात जपानहून आलेलं चाहतीचं पत्र आहे आणि ते वाचून सुटलेली, ऐकणाऱ्यालाही अवघडून टाकणारी वासना आहे.

‘रोलिंग स्टोन’च्या परीक्षकाला हे लेखन पोरकट वाटलं. त्याच मासिकाच्या वाचकांनी वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमांत त्याची गणना केली. गाणी पोरकट आहेत, हे मलाही मान्य आहे. पण गाणारा स्वतःला पिंकर्टन म्हणवतो आहे! आरोपीनेच वाचलेलं ते आरोपपत्र आहे. नाव बाजूला ठेवून शब्द ऐकले, तर उरते ती फक्त रडकथा.

आता थोडं आडवळण. ‘मादामा बटरफ्लाय’ही पडलंच होतं. १७ फेब्रुवारी १९०४ला मिलानच्या ला स्कालामध्ये प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. पुच्चिनीने एका प्रयोगानंतर ते मागे घेतलं, लांबलेला दुसरा अंक तोडून दोन केले, आणखी फेरफार केले. मे महिन्यात ब्रेश्शा इथे तेच ऑपेरा गाजलं.

क्वोमोने मात्र अल्बम बदलला नाही, स्वतःचं लिहिणं बदललं. पाच वर्षांनी, २००१मध्ये, पुन्हा ओकॅसेकला घेऊन काढलेला पुढचा अल्बम जेमतेम अठ्ठावीस मिनिटांचा. सुबक, गोड, आणि कुणाच्याच आयुष्याचा नसलेला. ‘पिंकर्टन’बद्दल तो तेव्हा उघडपणे लाजेने बोलत असे.

दरम्यान, तोच अल्बम तरुण श्रोत्यांनी एकमेकांना ऐकवत जिवंत ठेवला होता. इमो म्हणून ओळखल्या गेलेल्या पुढच्या बँडांनी त्याला आदर्श मानलं. २००४मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने पाच तारे दिले. २०१०च्या वाढीव आवृत्तीला ‘पिचफोर्क’ने दहापैकी दहा गुण दिले. १९९६चा तोच अल्बम, त्यातला एक सूरही बदललेला नव्हता. मधल्या काळात क्वोमोने जे लिहायचं टाळलं, त्याचं परीक्षण अर्थातच कुठे छापून आलं नाही.