स्वस्त घर उन्हाळ्यात भट्टी का होतं?

मागच्या भागानंतर एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. परवडला म्हणून त्याने सगळ्यात वरच्या मजल्यावर वन बीएचके घेतला. आता रात्री अकरा वाजतासुद्धा भिंतीला हात लावला तर गरम लागते. एसी घ्यायचा तर कर्जाचा हप्ता आणि विजेचं बिल, दोन्ही कसं भरायचं?

माझ्या मते यावर सगळ्यात चांगलं उत्तर लॉरी बेकर यांनी दिलंय. हे मूळचे इंग्लंडचे वास्तुविशारद. 1940च्या दशकात चीनहून परत जाताना बोटीची वाट बघत मुंबईत थांबले, तिथे गांधीजींची भेट झाली. पुढे ते भारतातच राहिले, केरळात शेकडो स्वस्त घरं बांधली. 1990 साली पद्मश्री मिळाली.

त्यांची भिंत बघा. नेहमी आपण वीट सपाट ठेवतो. बेकर ती कडेवर उभी ठेवायचे. भिंतीची जाडी तीच, नऊ इंच, पण आत पोकळी राहते. याला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात. विटा साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात, आणि आत अडकलेली हवा उष्णता सहज आत येऊ देत नाही. म्हणजे पैसे जिथे वाचले, तिथेच गारवा मिळाला! मला यातली हीच गोष्ट भारी वाटते.

स्लॅबचंही तसंच. स्लॅबवर भार आला की खालच्या बाजूला ताण येतो आणि तो घेतात लोखंडी सळ्या. तिथल्या काँक्रीटला फारसं काम नसतं. मग सळ्यांच्या मधल्या जागेत त्यांनी मंगळुरी कौलं बसवली. काँक्रीट कमी, स्लॅब हलका आणि खालची खोली जरा थंड.

‘पण टॉवरमध्ये हे कसं जमणार?’ बरोबर आहे. आज बरेच बिल्डर अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीटच्या पातळ भिंती ओततात. काम झपाट्याने होतं, पण अशी भिंत विटेपेक्षा लवकर उष्णता आत आणते. तरी बहुमजली इमारतीतही मार्ग निघतो. राजकोटला महापालिकेच्या ‘स्मार्ट घर 3’ या 1,176 घरांच्या प्रकल्पात हलके एएसी ब्लॉक वापरले, आणि खोल्यांतली गरम हवा बाहेर पडावी म्हणून उभ्या शाफ्टचा उपयोग केला. तीही पंतप्रधान आवास योजनेतलीच घरं.

नियमही आहे. 2018 सालची इको-निवास संहिता सांगते की थंड प्रदेश सोडून इतरत्र घराच्या बाहेरच्या भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णता सरासरी दर चौरस मीटरला 15 वॅटच्या आत हवी. मात्र राज्याने आपल्या बांधकाम नियमांत ती घेतली तरच बिल्डरवर बंधन येतं. माझा राग इथे आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये टाइल्स, नळ, मॉड्युलर किचन, सगळं दाखवतात. भिंत कशाची, हे कुणी सांगत नाही.

तेव्हा बुकिंगआधी विचारा: बाहेरची भिंत कशाची आणि किती जाडीची? पश्चिमेच्या खिडकीवर छज्जा आहे का? खिडकी सरकती की बिजागरीची? (सरकती अर्धीच उघडते, वारा अर्धा.) गच्चीवर काय टाकलंय?

आणि मेसेज पाठवणाऱ्या दादा, तुमच्यासाठी: सोसायटीला गच्चीवर पांढरा चायना मोझॅक किंवा निदान चुन्याचा जाड हात मारायला सांगा. ऊन तिथूनच परत जाईल. मार्च लागायच्या आत करून घ्या. करून झालं की रात्री अकराला भिंतीला पुन्हा हात लावा आणि व्हॉइस मेसेज टाका, पुढच्या भागात ऐकवतो.